सासू छत्तीसची, सून सत्तावीसची

१९९४ मध्ये डीडी मेट्रोवर 'तू तू मैं मैं' सुरू झाली, तेव्हा त्या घरातली सासू छत्तीस वर्षांची होती आणि सून सत्तावीसची. हिशेब सरळ आहे. देवकी वर्मा झालेल्या रीमा लागू यांचा जन्म १९५८चा आणि राधा झालेल्या सुप्रिया पिळगांवकर यांचा १९६७चा. म्हणजे सासू सुनेपेक्षा अवघ्या नऊ वर्षांनी मोठी. रायगडातल्या पेणच्या एखाद्या आळीत एवढ्या अंतराच्या दोघी जावा असतात, आणि थोरली धाकटीची ओळख पाहुण्यांना 'ही आमची लहान' अशी करून देते, कारण त्यात आपण मोठ्या ठरत असलो तरी म्हाताऱ्या ठरत नाही.

रीमाताईंना वयाच्या या गणिताची सवय होती. १९८९च्या 'मैंने प्यार किया'त त्या सलमान खानच्या आई झाल्या, तो त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. १९९९च्या 'वास्तव'मध्ये त्या संजय दत्तच्या आई झाल्या, तो लहान जेमतेम एका वर्षाने. आणि याच सगळ्या धामधुमीत त्या 'श्रीमान श्रीमती'मध्ये कोकी कुलकर्णी होत्या. तिथे शेजारचा दिलरुबा आपली सिनेनटी बायको सोडून या कोकीवर लट्टू, आणि कोकीचा नवरा केशव कुलकर्णी आपली गुणी बायको सोडून त्या सिनेनटीवर. एका मालिकेत शेजारी जिच्यावर भाळलाय, तीच बाई दुसऱ्या मालिकेत सुनेच्या नावाने बोटं मोडते आहे, आणि हे दोन्ही एकाच दशकात, एकाच टीव्हीवर. प्रेक्षकांनी दोन्ही बिनतक्रार मान्य केलं. घरोघरी हे असंच असतं, हे त्यामागचं कारण असावं. जी बाई सुनेला धारेवर धरते तीच संध्याकाळी गजरा माळून देवळात जाते, आणि तिला कुणी वय विचारलं तर विचारणाऱ्याचीच पंचाईत.

'तू तू मैं मैं'चे दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, म्हणजे सुनेचे प्रत्यक्षातले यजमान. या माणसाच्या अवघड स्थितीचा विचार व्हायला हवा. कॅमेऱ्यामागे उभं राहून रोज ठरवायचं की आज सासूचा टोमणा वरचढ की बायकोचा. बायकोला जिंकवलं तर युनिटात कुजबुज, आणि हरवलं तर घरी जेवायचंच आहे. या पेचातून त्यांनी जो मार्ग काढला, तो विनोदी मालिकेचा पायाच आहे: कुणीच जिंकायचं नाही. राधाने डाव टाकायचा, देवकीने तो उलटवायचा, मग दोघींनी मिळून तिसऱ्याच कुणावर तरी तुटून पडायचं आणि पुढच्या भागात पाटी कोरी. घरातले पुरुष मधल्या मध्ये. त्यांचं काम एवढंच की पेपर वाचत बसायचं आणि नेमक्या चुकीच्या वेळी तोंड उघडायचं.

पाटी कोरी होणं ही गोष्ट पेणमध्ये कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी जगाला माहीत आहे, पण उन्हाळ्यात इथल्या गच्च्यांवर राज्य असतं पापडांचं. पोह्याचे पापड, मिरगुंडं, उडदाचे पापड. पीठ भिजवायचं, कुटायचं, मळायचं, लाट्या करायच्या, लाटायच्या, चादरीवर पसरायच्या आणि ऊन कलायच्या आत उचलायच्या. हे काम एकटीचं नाहीच. एका घरातल्या दोघींचं पटत नसलं तरी पापडाला चार हात लागतात, आणि पिठात पापडखार पडला की ते कुणाच्या अबोल्यासाठी थांबत नाही. त्यामुळे सकाळचं भांडण पापडाच्या पाटावर येतं ते भांडण म्हणून नव्हे, संवाद म्हणून.

"अगो, लाटी केवढी घेतलीस? पापड करायचाय, भाकरी नाही."

"आई, पातळ लाटला तर म्हणता तळताना तुटतो, जाड लाटला तर म्हणता फुलत नाही. तुम्ही एकदा काय ते ठरवा, मी मे महिना संपायच्या आत लाटते."

"आमच्या वेळी न सांगता कळायचं."

"तुमच्या वेळी सांगणाऱ्या तुमच्या सासूबाई होत्या. त्या काय म्हणायच्या ते मामंजींनी मला सांगितलंय."

इथे शेजारीण हसते, कारण शेजारीण असतेच. पापडाला शेजारीण बोलवावी लागते आणि तेलात बुडवलेल्या लाट्या खायला आळीतली पोरं न बोलावता येतात. सासू फणकारते, मामंजी उठून बाहेर जातात आणि तोवर तीस पापड लाटून झालेले असतात. पटकथेच्या वर्गात जे शिकवतात ते सगळं या प्रसंगात आहे: दोन तुल्यबळ बायका, मध्ये एक निरुपद्रवी पुरुष, उघडं दार आणि तासाभरात संपवायलाच हवं असं एक काम. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. भांडण चिघळायला रिकामा वेळ लागतो, आणि तो पापडाच्या दिवसांत कुणाकडे नसतो.

टीव्हीवरच्या विनोदी बाईचा वंश तसा जुना. अमेरिकेत १५ ऑक्टोबर १९५१ रोजी ल्युसिल बॉल 'आय लव्ह ल्युसी' घेऊन आली. नवऱ्याला न विचारता नाही नाही ते उद्योग करायचे, अंगाशी आले की डोळे मोठे करायचे, हा तिचा खाक्या. १९ जानेवारी १९५३ रोजी मालिकेत तिला मुलगा झाला, आणि दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांपेक्षा जास्त लोकांनी ल्युसीचं बाळंतपण पाहिलं. यात नवल नाही. निवडणुकीचा निकाल आधीच लागलेला होता, मुलगा की मुलगी हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि त्याच दशकात चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ, म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, घराघरांत आले. कौलांवर चढून अँटेना फिरवणारा मुलगा आणि खालून 'आलं, आलं… गेलं' असं ओरडणारं घर, हा त्या काळचा ठरलेला देखावा. चिमणरावांची बायको काऊ. ती भूमिका स्मिता पावसकर यांची. मालिकेचं नाव चिमणरावांचं, गोंधळ चिमणरावांचा, आणि निस्तरणारी काऊ. मराठीतली बरीचशी विनोदी घरं पुढेही अशीच पुरुषांच्या नावावर राहिली, सातबारा असतो तशी. २००१ मध्ये अल्फा मराठीवर आलेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'त तर आणखी गंमत. तिथे सासू नाहीच. आबा सासरे आणि शुभांगी गोखल्यांची श्यामला ही सून. सासू काढून टाकल्यावर घर किती शांत होतं हे पाहून काही प्रेक्षकांनी उसासे टाकले असतील, आणि ते कोणत्या वयोगटातले होते हे सांगायला नको. पुढे शुभांगीताईंची मुलगी सखी गोखले २०१५ मध्ये 'दिल दोस्ती दुनियादारी'त रेश्मा झाली, तेव्हा सासू आणि सासरा दोन्ही गेले आणि घरात उरले ते एका फ्लॅटमध्ये राहणारे मित्रमैत्रिणी. भांडण आता कचरा कुणी टाकायचा यावर.

बाईच्या नावावर मालिका चालवली ती निर्मिती सावंत यांनी, 'कुमारी गंगूबाई नॉन मॅट्रिक'मधून. गंगूबाईला सासूही नाही आणि नवराही नाही, त्यामुळे तिचा सगळा दारूगोळा समाजासाठी शिल्लक. अगदी वेगळ्या घाटाची पण त्याच जिभेची बाई त्याआधी हिंदीत येऊन गेली होती: १९८५ची 'रजनी', दिग्दर्शक बासू चटर्जी. ती खळखळून हसवणारी मालिका नव्हे, पण प्रिया तेंडुलकरांची रजनी गॅसवाल्याला जाब विचारायला लागली की घरात बसलेल्या गृहिणींना जो आनंद व्हायचा तो कुठल्याही विनोदापेक्षा कमी नव्हता. गॅस वितरकांनी त्या भागाविरुद्ध निषेध केला. सिलिंडरसाठी ताटकळणाऱ्या बायकांना तर तो निषेध मालिकेइतकाच करमणुकीचा वाटला असणार.

आणि या रजनीचं पुढे काय झालं? ती फोटोत गेली. १९९५ मध्ये झी टीव्हीवर 'हम पाँच' आली. अशोक सराफ यांचे आनंद माथुर, पाच मुली, स्वयंपाकघरात दुसरी बायको बीना, आणि भिंतीवर हार घातलेल्या तसबिरीत पहिली बायको, प्रिया तेंडुलकर. ही मेलेली बायको तसबिरीतून नवऱ्याशी बोलायची, सल्ले द्यायची, टोमणे मारायची. देशातल्या गॅस वितरकांना घाम फोडणाऱ्या बाईला लाकडी चौकटीत बसवलं, तरी तिचं तोंड काही बंद करता आलं नाही. दिवाणखान्यातल्या तसबिरीकडे पाहून मनातल्या मनात सफाई देणारे पुरुष आपल्याकडे काही कमी नाहीत. अशोकमामांनी ते मोठ्याने केलं इतकंच.

'हम पाँच'ची निर्माती कोण? एकता कपूर. इथून गोष्ट जरा गंभीर होते, म्हणजे मालिकांची गोष्ट. ३ जुलै २००० रोजी याच एकता कपूरची 'क्यूंकी सास भी कभी बहू थी' स्टार प्लसवर सुरू झाली. तोवर 'तू तू मैं मैं'ही डीडी मेट्रोवरून स्टार प्लसवरच गेलेली होती. म्हणजे वाहिनी तीच, नातं तेच, स्वयंपाकघर तेच. फरक एवढाच की देवकी आणि राधा ज्या गोष्टीवरून एकमेकींच्या नाकाला मिरच्या लावायच्या, त्याच गोष्टीवर आता ढग गडगडू लागले. सासूने सुनेकडे पाहिलं की तीनदा वीज. सुनेने वळून पाहिलं की पुन्हा तीनदा. अठराशेच्या वर भाग झाले. सहा वर्षांपूर्वी जे बावीस मिनिटांत मिटत होतं ते आता आठ वर्षं मिटेना.

लांबण लावण्याच्या या कलेत त्या मालिकेला तोड एकच, आणि तीही रायगडातच आहे: मुंबई-गोवा महामार्ग. पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेतलं, आणि त्यानंतर पेणच्या माणसाला 'क्रमशः' या शब्दाचा वेगळा अर्थ टीव्हीकडून शिकावा लागला नाही.

पण घरातलं भांडण तसं लांबत नाही, आणि याचं कारण रोह्याला नीट समजावं. ज्यांचं घराणं रोह्याचं, त्या चिंतामणराव देशमुखांनी देशाचा पैसा दोन्ही बाजूंनी पाहिला. १९४३ ते १९४९ ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, या पदावरचे पहिले भारतीय. १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. पैसा राखणारा एक आणि खर्च करणारा दुसरा, या दोन खुर्च्यांचं एकमेकींशी कधी पटत नाही, पण चिंतामणराव त्यांवर एकापाठोपाठ एक बसले म्हणून निभावलं. घरात मात्र दोन्ही खुर्च्यांवर एकाच वेळी दोघी बसलेल्या. कपाटाची किल्ली कमरेला असलेली गव्हर्नर आणि वाण्याची यादी हातात असलेली अर्थमंत्री. साखर दोन किलो आणायची की तीन, यावर रोज धोरणात्मक मतभेद. चिंतामणरावांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी १९५६ मध्ये राजीनामा दिला तो दिलाच. घरातली अर्थमंत्री सकाळी दहाला राजीनामा देते आणि चारच्या चहाला कामावर हजर असते, कारण चहा तिच्याशिवाय कुणाला नीट जमत नाही, असं गव्हर्नरीण स्वतःच शेजारी सांगून आलेली असते. तोंडावर नाही सांगायचं, एवढीच अट.

एकता कपूरच्या मालिकांनी सासू-सुनेचं हसू हिरावून घेतलं असं म्हणतात, ते अर्धंच खरं. हसू फक्त वाहिनी बदलून गेलं. २००४ मध्ये झी मराठीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं. आदेश बांदेकर भावोजी म्हणून घरात शिरले, आणि जे लेखकांनी लिहायचं बंद केलं होतं ते खऱ्या सासवा-सुना स्वतःच बोलू लागल्या. 'सासूबाईंची न आवडणारी एक गोष्ट सांगा' असं कुणी कॅमेऱ्यासमोर विचारावं, शेजारी सासू बसलेली असावी, समोर पैठणी असावी, आणि सुनेने क्षणभर थांबून 'तशी काहीच नाही' म्हणावं. त्या एका क्षणाच्या थांबण्यात राधा आणि देवकीचे कैक भाग मावतात. पुढे २०१८ मध्ये सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आली आणि विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांनी विनोदी बाईला सून किंवा सासू असण्याच्या अटीतूनच मोकळं केलं. ती आता काहीही असू शकते. नवरा तरीही मध्येच बोलतो.

पेण तालुक्यातल्या आगरी गावांना या सगळ्यात फारसं नवं काही वाटू नये. तिथे लग्नात धवलारीण असते. विधी लावणारी, गाणी म्हणणारी आणि वरपक्षाची खिल्ली उडवायची परवानगी वाडवडलांपासून मिळालेली ही बाई टीव्हीच्या कितीतरी आधीची. विहिणीबाईंना भर मांडवात चार शब्द सुनवायचे आणि वर मान मिळवायचा, हे कुठल्याही नायिकेला जमलेलं नाही. भाद्रपदात गौरी आल्या की रात्री फुगड्या आणि झिम्मा. त्या गाण्यांत सासू, नणंद, दीर सगळ्यांचा पंचनामा होतो आणि ऐकणाऱ्यांत खुद्द सासूच ताल धरून बसलेली असते. ती चिडत नाही. तीस वर्षांपूर्वी तीच गाणी तिने आपल्या सासूसमोर म्हटलेली असतात.

गणपतीच्या कारखान्यांत मात्र विनोदी नायिकेवर अन्याय झाला आहे, हे नोंदवायला हवं. टीव्हीवर जे गाजतं ते पेण, हमरापूर, जोहे इथल्या शाडूत आणि प्लास्टरमध्ये उतरतं. 'जय मल्हार' मालिका गाजली तेव्हा मल्हाररूपातल्या गणपतींना मागणी आली, 'बाहुबली' आला तेव्हा बाप्पाला तो अवतारही धारण करावा लागला. पण कंबरेला पदर खोचून, हातात लाटणं घेऊन उभी असलेली सून आणि तिच्याकडे तिरकं पाहणारी सासू, हा देखावा काही कुणी मागितला नाही. मागितला असता तर आखणी करणाऱ्याची कसोटी लागली असती. गणपतीचे डोळे प्रेमळ काढायचे हे हाताला सवयीचं झालेलं असतं. देवकीचे डोळे एकाच वेळी सुनेवर आणि दुधावर कसे ठेवायचे?

देवकी आणि राधा या दोघींचं पुढे जे झालं तेही पाहण्यासारखं आहे. सुप्रियाताई स्वतः सासू झाल्या. २०१६च्या 'कुछ रंग प्यार के ऐसे भी'मध्ये त्या ईश्वरी झाल्या, मुलाला सुनेच्या हाती द्यायला जीव धजावत नाही अशी आई. रीमाताई 'नामकरण'मध्ये कठोर आजी झाल्या आणि १८ मे २०१७ रोजी गेल्या, तोवर त्या मालिकेचं चित्रीकरण करतच होत्या. दोघींनी गंभीर भूमिका चोख केल्या. पण पेणच्या कुठल्याही काकूंना ईश्वरी रडताना दिसली की त्या शेजारणीला म्हणणार: "अगो, ही ती राधाच ना? हिला कसली सासू होता येतंय, हिची सासू हिच्याहून दहापट बेरकी होती." आणि त्यात राग नाही, कौतुक आहे, तेही सासूचं.

अजूनही या प्रकारचं चालू कथानक पाहायचं असेल तर टीव्ही लावायची गरज नाही. दिवा-रोहा गाडीत बायकांच्या डब्यात बसावं. पेणला विषय निघतो, म्हणजे कुणाच्या तरी सासूने फ्रीजमधलं दही हलवून ठेवलेलं असतं. कासूपर्यंत पूर्वपीठिका. नागोठण्याला डब्यात दोन तट पडतात, आणि सासूची बाजू घेणाऱ्या बायकांत पंचविशीच्या मुलीही निघतात, सुनेची घेणाऱ्यांत साठीच्या. निडीला कुणीतरी मध्यस्थी करतं, ती दोन्ही तटांना मान्य होत नाही. रोहा येतं, सगळ्या घाईने पिशव्या उचलतात, आणि उतरता उतरता मागून हाक येते: "उद्या खिडकीची जागा धरून ठेव गो, तिच्या सासूची बहीण राहायला आलीय!"